गाई ठणठणीत आहेत

४ फेब्रुवारी

खात्याने दिलेल्या दैनंदिनीत आज मी लिहिलं, 'संयुक्त बैठक सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली.' त्या वाक्याचा वचपा काढायला ही वेगळी वही.

बैठक अशी झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही जनावरांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला माणसांचे. नदीकाठच्या वस्तीत झोपेच्या आजाराचे रुग्ण सापडलेत, एक कोळी दगावलाय. आधी ताप येतो, मग माणसाचं वेळापत्रक उलटंपालटं होतं, डोकं फिरल्यासारखं होतं, आणि शेवटी तो झोपतो तो उठतच नाही. त्याचा परजीवी गाईच्या रक्तात मुक्काम ठोकून असतो. झुडपातली चावरी माशी गाईचं रक्त पिते आणि तेच तोंड घेऊन माणसाला चावते. गाईला काही होत नाही, ती मजेत रवंथ करत बसते. म्हणून उपाय गाईपासून करायचा. प्रत्येक गाईला एक इंजेक्शन दिलं की रक्त साफ. मग दर तीन आठवड्यांनी तिच्या पायांवर आणि पोटावर फवारा मारायचा, कारण माशी तिथेच बसते. बसली की मेली. इतकं साधं आहे हे.

साधं असल्यामुळेच आम्ही तीन तास भांडलो. फवाऱ्याचं औषध माणसांच्या खात्याने घेतलं म्हणून ते त्यांच्या कोठारात, पंप आमच्याकडे, आणि गाडी पाणीपुरवठ्याची. तिघांच्या किल्ल्या तीन साहेबांकडे. त्यांचा डॉक्टर म्हणजे काडीसारखा बारीक माणूस, दिसेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतो म्हणून वस्तीत त्याला सुईवाला म्हणतात. तो मला म्हणाला, "तुमच्या गाईंनी माझी माणसं आजारी पाडली."

मी म्हटलं, "गाई काय ठरवून करतात का?"

आमचे साहेब म्हणाले, "चहा घ्या, चहा घ्या."

विश्रामगृहाचं छप्पर गळतंय म्हणून मी दादाकडे उतरलेय. माझा थोरला भाऊ. इथल्या दूध सोसायटीचा चेअरमन, पंचवीस-तीस गाईंचा धनी. मला वाटलं होतं, हे तर घरचंच काम. दादाने आपल्या गाई सुई टोचायला खोड्यात घातल्या की अख्खा नदीकाठ मागून येईल. रात्री जेवताना मी विषय काढला. ताटातून मान वर न करता तो म्हणाला, "माझ्या गाई ठणठणीत आहेत. सुया टोचायच्या तर त्या कोळ्यांना टोच."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय. दादा सगळ्यांच्या नकला करतो, माझ्या साहेबांची तर अशी करतो की साहेबच ओशाळतील. पण आज कुणाचीच नक्कल झाली नाही.

७ फेब्रुवारी

औषध मिळालं नाही. गाडी मिळाली. गाडीत काय घालू, माझं डोकं?

९ फेब्रुवारी

माशीला निळा रंग आवडतो. म्हणून आम्ही परवा नदीच्या झाडीत कारखान्यातूनच औषध लावून आलेलं निळं-काळं कापड चौकटींवर ताणून टांगलं. माशी येते, बसते, मरते. आज बघायला गेले तर अर्ध्या चौकटी उघड्या. शिंप्याच्या दुकानाला कोरा करकरीत निळा पडदा लागलेला.

"हे सरकारी कापड आहे," मी म्हटलं.

"कापड चांगलं आहे हो बाई. झाडाला टांगून का वाया घालवता?"

"त्याला विष लावलंय!"

"मग बरंच झालं. गिऱ्हाइकांना माश्या चावणार नाहीत."

आणि खरंच, त्याच्या दुकानात एक माशी नव्हती. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. एवढा उत्तम प्रचारक मला पगार देऊनही मिळाला नसता. पडदा तिथेच सोडून आले. शेजारच्या न्हाव्याने मात्र तेच कापड गिऱ्हाइकांच्या गळ्याला बांधायला घेतलं होतं, ते हिसकावून आणलं. अर्धी दाढी झालेला माणूस माझ्यामागे ओरडत आला.

संध्याकाळी घरी दादाला हे रंगवून सांगितलं. एरवी त्याने शिंप्याचा आवाज काढून मला पोट धरून हसवलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. मग म्हणाला, "मफलर कुठाय माझा?" मफलर त्याच्या गळ्यातच होता. एवढ्या उकाड्यात मफलर! चेअरमन झाल्यापासून काय काय थाट सुरू झालेत.

१३ फेब्रुवारी

आज माझी जी शोभा झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदांची बैठक ठेवली होती. मी मोठा रंगीत तक्ता भिंतीला लावला. माशी, गाय, माणूस. मग लक्षणं एकेक करून. मानेच्या मागे गाठी, अंगात कसर, रात्री जाग, दिवसा झोप, चिडचिड, विसरभोळेपणा. लोक मन लावून ऐकत होते. आणि समोर, मधल्या खुर्चीत, माझा सख्खा भाऊ घोरायला लागला.

आधी मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा हॉल. मी आवाज चढवला तसं घोरणंही चढलं. शेवटी सेक्रेटरीने त्याला हलवलं. दचकून उठला, डोळे लालबुंद, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, चांगला बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता माझी बाजू घेऊन दोन शब्द बोलेल. तो म्हणाला, "सभा संपली. आपल्या कुणाच्या जनावराला काही झालेलं नाही. सुई मारली की पुढे काही दिवस दूध घालता येत नाही, ते नुकसान या बाई भरून देणार आहेत का?"

'या बाई.' मी! जिला त्याने कडेवर घेऊन पहिल्यांदा गाय दाखवली ती मी.

सगळे उठून गेले. तक्ता गुंडाळताना एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही बोलता चांगलं. झोप छान लागते."

१७ फेब्रुवारी

सुईवाला आज आमच्या दवाखान्यात आला. पहिल्यांदाच. खुर्ची पुसून बसला, गाईंच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांना काय रोग असतो देव जाणे. म्हणाला, आणखी दोन रुग्ण सापडले. त्यातली एक शाळामास्तरांची बायको. सहा महिने तिच्यावर हिवतापाचे उपचार चालले होते. मग ती घरात सगळ्यांवर ओरडायला लागली, भांडी फेकायला लागली, भर दुपारी चुलीपुढे झोपायला लागली. सासरच्यांनी आळशी आणि भांडखोर ठरवून तिला माहेरी धाडली होती.

"कुणाच्या डोक्यात आलं नाही?" मी विचारलं.

"घरच्या माणसाला आपण तपासत नाही. त्याच्यावर रागावतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, लोक किती आंधळे असतात. तोही हो म्हणाला. एकंदर माणूस बरा आहे. फवाऱ्याचं औषध आपल्या कोठारातून काढून द्यायचं त्याने कबूल केलं. त्याच्या साहेबांना न विचारता. मी त्याला आमचे पंप बघू दिले. दोन खात्यांच्या इतिहासात एवढी सलगी झाली नसेल.

पण औषध मिळून काय करू? गाई कुठे आहेत? आज अख्ख्या दिवसात खोड्यात आली एक गाय आणि तिच्यामागे चुकून आलेलं एक गाढव. बाकीचे सगळे एकच विचारतात, "चेअरमनसाहेबांच्या झाल्या का?"

२० फेब्रुवारी

वहिनीशी बोलले. स्वयंपाकघरात ती दुधाच्या किटल्या घासत होती. मी सरळ विचारलं, "दादाला झालंय काय? माझ्यावर कसला राग आहे?"

"राग कसला, वन्सं. कामाचा ताण आहे."

"ताण मलाही आहे. मी सभेत घोरते का?"

ती किटलीत हात घालून घासतच राहिली. मग म्हणाली, "त्यांना रात्रभर झोप नसते हो. गोठ्यात जाऊन बसतात. गाईंशी बोलतात."

"मन खात असेल," मी म्हटलं. "माझं काम अडवून बसलाय, झोप कशी येईल?"

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना, तिला माझी कीव येतेय की माझा संताप. काल भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिरकावलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, वहिनीला 'अगं'च्या वरचा शब्द त्याने कधी वापरला नव्हता. मी म्हटलं, "तू खपवून का घेतेस?"

"तुम्ही ताट उचललंत का?" ती म्हणाली. "मी उचललं. झालं की."

ही असली उत्तरं! या घरात सरळ बोलायची बंदी आहे की काय?

नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुम्ही दोघं बहीणभाऊ लहानपणापासून असेच आहात." बाकी जगाला सल्ला मागावा, नवऱ्याला मागू नये.

२२ फेब्रुवारी

मी दादाचं घर सोडलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांशेजारी, खाट टाकलीय.

सकाळी गोठ्याला कुलूप. मी किल्ली मागितली. नुसत्या गाई बघते, सुई लावत नाही म्हटलं. तो गव्हाणीला टेकून बसला होता, दिवस वर आला तरी अंगावर घोंगडी. हात थरथरत होते. बोलू नये ते मी बोलले, "दादा, रात्री जागतोस, दिवसा लोळतोस, हात कापतात. प्यायला लागलास का तू?"

त्याने हाताशी असलेली बादली भिंतीवर आपटली. गाई बिचकून दावी ओढायला लागल्या. मग तो जे म्हणाला ते लिहून ठेवणार नव्हते, पण लिहिते. म्हणाला, "आई गेल्यावर तुला मामाकडे टाकायला सगळे सांगत होते. ऐकायला हवं होतं त्यांचं. तुला शिकवली हीच माझी चूक."

वहिनी दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

मी पिशवी भरली आणि निघाले. फाटकापर्यंत वाटत होतं, हाक मारील. वळून बघितलं तर भाऊराया बसल्या जागी मान टाकून झोपलेला. एवढं बोलून झोप लागते माणसाला! मला तर आत्तापासून उद्यापर्यंत लागायची नाही.

२३ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. 'उद्दिष्टाच्या तुलनेत प्रगती असमाधानकारक.' मी म्हटलं, उद्दिष्टाला चार पाय आहेत आणि त्याचा मालक माझा भाऊ आहे. ते म्हणाले, "भाऊच आहे ना? मग समजावून सांगा." फोन ठेवून मी एका रिकाम्या खोक्याला लाथ मारली. ते रिकामं नव्हतं. अंगठा सुजलाय.

२५ फेब्रुवारी

दादाचा अपघात झाला. जिवाला धोका नाही. सकाळी दुधाच्या किटल्या लावून मोटारसायकलवर निघाला होता, सरळ रस्ता, समोर कुणी नाही, आणि गाडी अलगद खड्ड्यात गेली. बघणारे म्हणाले, ब्रेक लावलाच नाही. लोकांनी उचलून सुईवाल्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेवर सगळं दूध सांडलेलं.

मी लंगडत पोचले तेव्हा सुईवाला त्याच्या कपाळाला टाके घालत होता. टाके घालायला भूल दिली नव्हती तरी दादा पेंगत होता. मी बाहेरूनच सुरू केलं, "वास बघा तोंडाचा, आधी वास बघा! प्यायला असेल."

"नाही प्यायलेले," सुईवाला म्हणाला. मग पट्टी बांधायला म्हणून त्याने मफलर सोडवला, आणि त्याचा हात मानेमागे थांबला. बोटांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"या गाठी कधीपासून आहेत?"

दादा पेंगतच होता. वहिनी म्हणाली, "दिवाणखान्यातलं कॅलेंडर बदललं तेव्हापासून." म्हणजे वर्ष लागलं तेव्हापासून. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, आवाज न करता.

मी तिथेच उभी होते. गाठी, कसर, जाग, झोप, चिडचिड. माझ्याच हाताने भिंतीला लावलेला तक्ता. पंचक्रोशीत मी तो कितीदा वाचून दाखवला असेल, मला आता तो डोळे मिटून येतो.

सुईवाल्याने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचपट्टीवर पसरला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग बाजूला सरकून मला म्हणाला, "बघा."

मी बघितलं. रक्तपेशींच्या गर्दीत ते वळवळत होते, पेशींना धक्के देत. शेकडो जनावरांच्या रक्तात बघितलेत. मला कधी ते एवढे घाणेरडे वाटले नव्हते.

२६ फेब्रुवारी

पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. परजीवी तिथपर्यंत पोचलाय. म्हणजे साधं औषध चालणार नाही, जहाल औषध शिरेतून द्यावं लागणार. त्याने बरेच बरे होतात. काही जण त्या औषधानेच जातात. सुईवाल्याने हे सगळं वहिनीला सांगितलं, काही न लपवता, पण हळू आवाजात. संमतीच्या कागदावर तिने अंगठा पुढे केला. तो म्हणाला, "सही येते ना तुम्हाला?" ती म्हणाली, "येते. आज हात चालत नाही."

उद्या त्याला जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात नेणार.

व्हरांड्यात मी वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुमच्या सभेवरून आले त्या दिवशी. आरशापुढे बसून मानेवरून हात फिरवत होते. मला म्हणाले, कुणाला बोललीस तर याद राख. चेअरमनलाच हा रोग आहे म्हटलं की वरची डेअरी आपल्या सगळ्या गावाचं दूध बंद करील. सगळ्यांच्या चुली त्यावर आहेत."

"अगं पण दुधातून हा रोग येतच नाही! माशीतून येतो! मी ओरडून ओरडून..."

"तुम्ही माशीचं सांगितलंत, वन्सं. दुधाचं कुठे सांगितलंत?"

तक्त्यावर दूध नाही. खरंच नाही. तो तक्ता कुणी काढला? आमच्या खात्याने. तपासला कुणी? मी.

२८ फेब्रुवारी

आज घडलं ते सरकारी दैनंदिनीत 'एकशे अठ्ठावन्न जनावरांवर उपचार' एवढ्या ओळीत मावलं. इथे नीट लिहिते.

दादाला काल इस्पितळात ठेवून, त्याच्याजवळ माझ्या नवऱ्याला बसवून वहिनी रात्रीच परत आली. सकाळी दूध घालायच्या वेळेला सोसायटीच्या दारात रांग होती, तिथे ती रिकाम्या हाताने गेली. मीही मागे मागे. ती सेक्रेटरीच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांना झोपेचा आजार आहे. पिऊन पडले नव्हते ते. तुमचं दूध बंद होईल म्हणून गप्प बसले होते. मीही बसले. आता माझ्या गाईंना मी सुई लावून घेणार आहे. कागदावर गाई माझ्या आहेत."

रांगेतून एकजण म्हणाला, "म्हणजे आमचं दूध बंदच होणार ना?"

तेव्हा सुईवाला पुढे झाला. मी त्याला सोबत आणलं होतं ते लोकांना समजावायला, पण त्याने भाषण केलं नाही. म्हणाला, "चेअरमनसाहेबांच्या गाईचं दूध आहे का कुणाकडे? उकळून आणा." आलं. वहिनीच्या घरून, मोठा पेला भरून. मला माहीत आहे की त्याला दुधाचा वासही सोसत नाही, चहासुद्धा कोरा पितो. त्याने नाक न दाबता, डोळे मात्र घट्ट मिटून, घटाघट सगळा पेला संपवला. तोंड असं झालं होतं जसं एरंडेल प्यायलाय. एक पोर हसलं, मग मोठी माणसं हसली.

"हा आजार दुधातून येत नाही," पेला ठेवत तो म्हणाला. "दुधाने झालाच तर पोटाचा त्रास होतो, तो मला आत्ताच होतोय."

डेअरीला त्याने आपल्या सहीचं पत्रही दिलं. हे काम खात्याला विचारून व्हायचं असतं. त्याने विचारलं नाही.

वहिनीने गोठ्याचं कुलूप उघडलं. पहिली गाय तिने स्वतः खोड्यात घातली, दादाची लाडकी काळी. मी सुई लावली, पंपवाल्याने पायांवर आणि पोटाखाली फवारा मारला. मागून दुसरी, तिसरी. दुपारपर्यंत आजूबाजूचे लोक आपापली जनावरं हाकत आले. संध्याकाळपर्यंत अशी झुंबड उडाली की रांगेवरून मारामारी व्हायची बाकी राहिली. "माझी आधी आली होती." "तुझी नव्हे, तुझी शेळी आली होती." आणि ऐन भरात इंजेक्शनं संपली. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "एवढी जनावरं येतील असं आपण कळवलं नव्हतं."

मी फोन ठेवला. खोक्याला लाथ मारली नाही. अंगठा अजून दुखतोय.

३ मार्च

दादाला औषध सुरू झालं. शिरेतून जाताना विस्तव गेल्यासारखं जळतं म्हणे. तो ओरडतो आणि पुन्हा झोपतो.

८ मार्च

झटके आले. दोन दिवस शुद्ध नाही. औषधाचीच उलटी प्रतिक्रिया. मी आणि वहिनी आळीपाळीने बाकावर बसतोय. डॉक्टर म्हणतात, थांबा. परिचारिका म्हणते, थांबा. मला कुणी थांबा म्हटलं की माझं टाळकं फिरतं, पण इथे कुणाशी भांडणार?

त्याच्या कानाशी जाऊन मी म्हटलं, "मला शिकवलंस ही चूक होती म्हणतोस ना? मग उठ आणि पुन्हा म्हण. तोंडावर म्हण." परिचारिकेने मला बाहेर काढलं.

१० मार्च

डोळे उघडले. वहिनीला ओळखलं. पाणी मागितलं.

११ मार्च

आज काही लिहायचं सुचत नाही. चांगलं झोपले.

४ एप्रिल

दादा घरी आला. निम्मा उरलाय, शर्टात हरवल्यासारखा दिसतो. पुढची दोन वर्षं अधूनमधून तपासायला न्यावं लागेल. तोवर पूर्ण बरा झाला असं म्हणायचं नाही, असं सुईवाल्याने बजावलंय. मास्तरांची बायकोही सुधारतेय. तिचे सासरचे न्यायला आले होते, तिने सध्या यायला नकार दिला. शाबास.

नदीकाठची जवळजवळ सगळी जनावरं झाली. 'जवळजवळ' या शब्दाने साहेबांचं समाधान होत नाही. माझंही होत नाही. उरलेली जी आहेत, त्यांच्या मालकांना मी दिवसाआड शिव्या घालून येतेय. ते मला चहा देतात आणि पुढच्या आठवड्याचा वायदा करतात. तोवर शेजारच्या बाजारातून एका व्यापाऱ्याने सुई न लावलेल्या आठ गाई आणून इथे विकल्या. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

१२ एप्रिल

फवाऱ्याची पाळी होती. दादाने हट्ट धरला, काळीला मीच धरणार. वहिनी नको म्हणाली, मी नको म्हणाले, त्याने कुणाचं ऐकलं नाही. कासरा हातात घेऊन उभा राहिला. मी खाली बसून तिच्या पायांवर औषध मारत होते. काळी शेपटीने माझं डोकं झोडपत होती आणि तो वरून म्हणत होता, "सबुरीनं घ्या, उद्दिष्टाच्या तुलनेत प्रगती असमाधानकारक आहे." साहेबांचा आवाज. हुबेहूब! माझ्या हातातली नळी सुटली.

मग त्याने एकदम नक्कल थांबवली. म्हणाला, "जानेवारीपासूनचं मला काहीच आठवत नाही गं. सभा झाली म्हणतात, अपघात झाला म्हणतात. कुणा दुसऱ्याचं ऐकावं तसं वाटतं. ही म्हणते मी खूप चिडचिड केली." कासरा त्याने या हातातून त्या हातात घेतला. "तुला काही बोललो का मी?"

गोठ्याच्या दारात वहिनी बादली घेऊन उभी होती.

'तुला शिकवली हीच माझी चूक' या वाक्यावर मी दवाखान्याच्या खोलीत किती रात्री उत्तरं तयार केली होती. एकाहून एक झणझणीत. इस्पितळातल्या बाकावर तर मी त्याच्याशी अख्खं भांडण तोंडपाठ केलं होतं, त्याच्या बाजूचेसुद्धा संवाद. आणि हा माणूस तिथे नव्हताच. मग मी भांडले कुणाशी? आणि आता हा राग नेऊन ठेवू कुठे?

"नाही," मी म्हटलं. "तू तर झोपलेला असायचास."

"खरं?"

"खरं."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. काळीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "मग तू घर सोडून त्या खोक्यांच्या खोलीत का जाऊन राहिली होतीस? ते एक मात्र मला आठवतं. तू पिशवी घेऊन तोंड फुगवून चाललीयेस आणि मला हाक मारायचीय, पण तोंडातून आवाजच निघत नाहीये. काय बिनसलं होतं तुझं?"

मी नळी उचलली आणि पंपवाल्याला म्हटलं, मार जोरात. उजवा मागचा पाय राहिलाय.